म्हातारी सुमो दान देताना



वर्षावास संपत आला की दानाविषयीची विचारणा वाढते, हा आमचा नेहमीचा अनुभव. कोणाला भिक्खुसंघाला चीवरदान करायचे असते, कोणाला आईच्या स्मृतिदिनी भोजनदान, कोणी वसतिगृहाच्या मुलांना वह्या देऊ म्हणते. यंदा मात्र तीन वेगवेगळ्या गावांतल्या तीन उपासकांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. घरची मोठी गाडी जुनी झाली आहे, विकून फारसे येत नाही, ती विहाराला किंवा एखाद्या संस्थेला दान द्यावी काय? आणि द्यायची तर कशी?

हा प्रश्न आपल्या समाजात पडू लागला याचा आधी आम्हाला आनंदच झाला. ज्यांचे वडील भाकरीचे गाठोडे घेऊन मालट्रकमध्ये उभ्याने दीक्षाभूमीला गेले, त्यांच्या दारात आज पत्र्याच्या शेडखाली स्वतःची गाडी उभी असते, आणि ती देण्याचा विचार करण्याइतके त्यांचे बरे चाललेले असते. सुमो १९९४ साली बाजारात आली. टाटा मोटर्सचे सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पहिली काही वर्षे आपल्या वस्त्यांत ती भाड्यानेच यायची. लग्नाला, बाळंतिणीला, मयताला. पुढे शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले, वीजमंडळातले आपले लोक निवृत्त होऊ लागले आणि फंडाच्या पैशातून कोणी सुमो, कोणी बोलेरो, कोणी स्कॉर्पिओ दारात उभी केली. लहान गाडी का घेतली नाही, असे विचारणाऱ्याला आपली घरे ठाऊक नाहीत. आपल्याकडे गाडी एका कुटुंबाची नसतेच, भावकीची असते. ६ डिसेंबरला दादर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, दसऱ्याला नागपूर. आरसी बुकात आसने किती लिहिली होती आणि प्रत्यक्षात माणसे किती बसली, ते ज्याचे त्याने आठवावे.

आता सुमोचे उत्पादन थांबूनही काळ लोटला. ते २०१९ साली बंद झाले. मुले पुण्या-मुंबईला गेली, त्यांनी आपल्या सोयीच्या लहान गाड्या घेतल्या. वडिलांचे गुडघे त्या उंच पायरीला नको म्हणतात. गाडी आठवड्यातून एकदा बॅटरी उतरू नये म्हणून चालू करायची, एवढाच तिचा उपयोग उरतो. मग विचार येतो, विहाराला देऊन टाकू.

आम्हाला या वाक्यातला 'टाकू' खटकतो. आपली भाषा मोठी लबाड आहे. 'दिली' म्हटले की देणाऱ्याचे लक्ष घेणाऱ्याकडे असते. 'देऊन टाकली' म्हटले की ते स्वतःच्या मोकळ्या झालेल्या अंगणाकडे असते. आपल्या आजा-पणज्यांना गावाने जे दिले ते असेच टाकलेले असायचे. उतरलेला सदरा, फाटके लुगडे, रात्रीची उरलेली भाकरी, मेलेले ढोर. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली, तेव्हा मेलेल्या जनावरांचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडा, हे बाबासाहेबांनी आपल्या माणसांना बजावून सांगितले. त्याच माणसांच्या नातवंडांनी आपल्या वस्तीतल्या विहाराला चालेनाशी गाडी द्यायची आणि वर पावती मागायची, हे आम्हाला तरी रुचत नाही. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी विसावा हिस्सा मागितला, तो मिळकतीतला. अडगळीतला विसावा हिस्सा त्यांनी मागितल्याचे आमच्या वाचनात नाही.

म्हणून जुनी गाडी देऊच नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. जुनी वस्तू दान देता येते. फक्त ती कोणत्या अवस्थेत, कोणत्या कागदांसह आणि पुढच्या कोणत्या खर्चासह देतो, त्यावर ती दान ठरते की बला ठरते.

तिघांपैकी एकाची हकीकत विस्ताराने सांगण्यासारखी आहे. हे निवृत्त शिक्षक. गाव तालुक्यापासून आत. गाडी २०१२ सालची सुमो, डिझेलवर चालणारी, एकाच हाताने जपून चालवलेली. त्यांच्या वस्तीतल्या विहार समितीला ही बातमी लागताच तिथे एकदम उत्साह संचारला. आम्ही त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा समितीचे चार जण आधीच चहा घेत बसले होते आणि गाडीवर नाव काय लिहायचे इथपर्यंत गोष्ट गेली होती. 'माता रमाई रुग्णवाहिका' असे निळ्या रंगात लिहायचे, खाली दात्याच्या कालकथित वडिलांचे नाव, आणि मागच्या काचेवर समितीच्या सर्व पदाधिकाऱ्यांची नावे. काचेतून मागचे काही दिसेल की नाही, हा विचार कोणी केलेला दिसला नाही.

रुग्णवाहिका हे आपल्या मंडळांचे जुने स्वप्न आहे आणि त्यामागे खरे दुःख आहे. वेळेवर गाडी मिळाली नाही म्हणून गेलेली माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. परंतु घरगुती गाडीवर दिवा बसवून आणि आडवे बाक टाकून रुग्णवाहिका होत नाही. रुग्णवाहिकेची जागा, स्ट्रेचर, साधने यांचे केंद्र सरकारने मानक ठरवलेले आहे. गाडीत बदल करायला आरटीओची मंजुरी लागते, नोंदणीचा वर्ग बदलतो, वेळोवेळी फिटनेस तपासणी करून घ्यावी लागते. विना मंजुरी रंगवलेल्या गाडीत रुग्ण दगावला किंवा वाटेत अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. राज्यात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली. ती आपल्या गावाला किती वेळात पोहोचते याचा पाठपुरावा करणे, ग्रामसभेत, आरोग्य केंद्रात आणि जिल्हा परिषदेत विचारत राहणे, हे काम समितीने हाती घेतले तर रंगाचा खर्च वाचेल, असे आम्ही म्हणालो. ते कोणाला फारसे आवडले नाही.

मग आम्ही कागद-पेन्सिल मागितली. कारकुनाला दुसरे काय येणार? महिन्याला एक हजार किलोमीटर गाडी चालेल असे धरले. ही गाडी लिटरला अकराच्या आसपास जाते, असे गुरुजी म्हणाले. डिझेल ढोबळमानाने नव्वद रुपये लिटर धरले, म्हणजे महिन्याचे ८,२०० रुपये झाले. चालक पूर्णवेळ ठेवायचा तर खेड्यातही १२,००० रुपयांच्या खाली माणूस टिकत नाही. पंधराशे सीसीच्या वरच्या खासगी मोटारीचा नुसता तृतीय पक्ष विमा, २०२२ साली ठरलेल्या दराने, वर्षाला ७,८९७ रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरला की ९,३०० रुपयांच्या पुढे, म्हणजे महिन्याला आठशेच्या जवळ. दुरुस्ती, टायर, बॅटरी, क्लच प्लेट हे सारे सरासरीने अडीच हजार. बेरीज २३,५०० रुपये महिना. वर्षाचे दोन लाख ब्याऐंशी हजार. आणि ही गाडी घ्यायला आलेल्या दलालाने किंमत सांगितली होती एक लाख दहा हजार.

म्हणजे एक लाख दहा हजारांचे दान घेणाऱ्याने दरवर्षी त्याच्या अडीचपट खर्चायचे. विहाराच्या दानपेटीत महिन्याला किती जमते, असे आम्ही खजिनदारांना विचारले. त्यांनी सांगितलेला आकडा इथे छापत नाही.

चारांपैकी एकाने तोड काढली. लग्नाला, बारशाला गाडी द्यायची आणि 'धम्मदान' म्हणून पैसे घ्यायचे. हे सर्रास चालते, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे घेऊन चालवणे म्हणजे परवान्याशिवाय प्रवासी वाहतूक. पैशाला आपण दान म्हटले म्हणून कायदा फसत नाही, आणि अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील तर नाहीच नाही.

यानंतरचा प्रश्न मालकीचा. ही समिती नोंदणीकृत नव्हती. अशा वेळी गाडी अध्यक्षांच्या नावावर करू, ते काय परके आहेत, असे म्हणतात. परके नसतात, पण दोन वर्षांनी समितीत दोन तट पडतात, एक गट जुन्या विहारात राहतो, दुसरा नवा फलक लावतो, आणि गाडी कायद्याने अध्यक्षांची असल्यामुळे अध्यक्षांबरोबर जाते. आपल्याकडे तट पडणार नाहीत, असे छातीवर हात ठेवून सांगणाऱ्याने पुढे यावे. गाडी द्यायची ती संस्थेलाच. सार्वजनिक न्यासांचा १९५० चा जो कायदा राज्यात आहे त्याखाली न्यास नोंदलेला असावा, त्याचे पॅन कार्ड असावे, दान स्वीकारल्याचा ठराव इतिवृत्तात असावा, आणि गाडी न्यासाच्या जंगम मालमत्तेत व हिशेबपत्रकात दाखवावी. गाडगेबाबांनी १९४९ साली पंढरपूरची धर्मशाळा पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे दिली. ती कोणा एका कार्यकर्त्याकडे दिली नाही, बाबासाहेबांनी काढलेल्या संस्थेकडे दिली. अक्षर न शिकलेल्या त्या माणसाला संस्था आणि इसम यांतला फरक नेमका ठाऊक होता.

आता देणाऱ्याच्या बाजूने पाहू. कारण किल्ली दिली, हार घातला, फोटो काढला, की आपण सुटलो असे देणाऱ्याला वाटते आणि तिथेच तो अडकतो. आरटीओच्या नोंदीत जोवर तुमचे नाव आहे तोवर मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच सांगितले. त्यात गाडी एकामागून एक अनेक हातांतून गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्या नोंदलेल्या मालकावर आली. दान दिलेल्या गाडीखाली कोणाचे पोर सापडले तर, गुरुजी, न्यायाधिकरणाची नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल, असे आम्ही म्हणालो तेव्हा घरात क्षणभर कोणी बोलले नाही.

तेव्हा फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरल्याशिवाय किल्ली हातची सोडू नये. पहिल्यात देणारा हस्तांतराची सूचना देतो, दुसरा दोघांच्या सह्यांचा अर्ज. राज्यातल्या राज्यात देणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. कर्ज काढून घेतलेली गाडी असेल तर हप्ते फिटले एवढे पुरत नाही, बँकेचा बोजा आरसीवरून उतरवावा लागतो. त्याला फॉर्म ३५. वाहतूक पोलिसांची थकलेली ई-चलने भरून टाकावीत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट राज्यात सक्तीची झाली आहे, ती नसेल तर नावबदलाचे काम अडते. फास्टॅग आपल्या खात्याला जोडलेला असतो, तो बंद करावा. नाहीतर संस्थेची गाडी टोलनाक्यावरून जाईल आणि पैसे तुमचे कटतील. विम्यावरचे नावही बदलायचे असते, त्याचा अर्ज घेणाऱ्याने चौदा दिवसांत करायचा असतो.

गाडीची पंधरा वर्षे भरत आली असतील तर आणखी एक. पंधरा वर्षांनी गाडी आपोआप बाद होते, हा आपल्याकडे गैरसमज आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. तपासणीत गाडी ठीक ठरली तर पुढची पाच वर्षे मिळतात. पण हे फुकट नाही. नूतनीकरणाची फी मोटारीला पूर्वी ६०० रुपये होती, ती १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. गाडी चौदा वर्षे अकरा महिन्यांची असताना संस्थेच्या गळ्यात घालणारे दाते आम्ही पाहिले आहेत. त्यांचा सत्कारही झाला.

करसवलतीची गोष्टही उरकून घेऊ, कारण तिन्ही पत्रांत ती होती. ज्या सवलतीला सगळे '८०-जी' म्हणून ओळखतात ती पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूच्या देणगीवर मिळत नाही. गाडी, धान्य, कपडे, पंखा, काहीही द्या, करात वजावट नाही. पैशातही दोन हजारांच्या वर रोख दिली तर नाही. धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी लागते. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना ही वजावट मुळातच नाही. तेव्हा कोणी 'गाडी द्या, दोन लाखांची पावती देतो' म्हणाले तर त्या पावतीचा उपयोग फ्रेम करण्यापलीकडे नाही.

गुरुजींचे धाकटे चिरंजीव अमेरिकेत आहेत. त्यांनी फोनवर सांगितले की तिकडे जुनी गाडी संस्थेला देणे अगदी साधी गोष्ट आहे, संस्था घरून गाडी ओढून नेते आणि कागद पाठवते. हे खरे आहे. पण तिकडेही संस्था ती गाडी बहुधा वापरत नाही, लिलावात विकते. पूर्वी दाते मनाला येईल ती किंमत लावून कर वाचवत. २००४ साली कायदा बदलला आणि २००५ पासून, पाचशे डॉलरच्या वरच्या गाडीवर, संस्थेला विक्रीतून जेवढे मिळाले तेवढीच वजावट घेता येते. संस्था स्वतःच्या कामाला गाडी वापरणार असेल किंवा गरजूला देणार असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तिकडच्या सरकारनेही शेवटी हेच विचारले की गाडीचा उपयोग कोणाला आणि किती झाला. चिरंजीवांना आम्ही म्हटले, तिकडची गाडी ओढून नेण्याची सोय इकडे नाही, पण हा प्रश्न इकडे आणायला हरकत नाही.

एवढे सगळे होईपर्यंत गुरुजींच्या पत्नी आतबाहेर करत होत्या. समितीतल्या एकाने 'टायर थोडे गेलेत, पण विहाराला काय, चालतील' असे म्हणताच त्या दारात थांबल्या. "लेकीला जुनेर नेसवून सासरी पाठवतो का आपण?" त्या म्हणाल्या. "द्यायची तर पाची टायर नवे घालून द्या. नाहीतर विका आणि पैसे द्या." आमच्या सगळ्या फॉर्मांपेक्षा हे बरे होते.

त्यांनीच पुढे सुचवले की वीस-बावीस किलोमीटरवर मुलींचे वसतिगृह आहे, त्यांना विचारून पाहावे. नोंदणीकृत न्यास, हिशेब दरवर्षी तपासलेले. आम्ही गुरुजींबरोबर गेलो. अधीक्षिका मधल्या वयाच्या, बोलायला मोजक्या. गाडी देतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलेल अशी गुरुजींची समजूत असावी. त्यांनी आम्हाला वसतिगृहाच्या मागे नेले. तिथे लिंबाखाली एक जुनी जीप उभी होती. चाके जमिनीत रुतलेली, सीटमधून काथ्या निघालेला, बॉनेटवर शेळी. कोणा दात्याने काही वर्षांपूर्वी दिलेली. दानपत्रात अट होती की संस्थेने ही गाडी कधीही विकू नये. म्हणून ती विकलेली नाही.

ही 'विकू नये'ची अट आपले लोक फार भावनेने घालतात. वडिलांची आठवण आहे, ती भंगारात जाऊ नये, अशी त्यामागची माया असते. पण लोखंडाला माया कळत नाही, ते गंजतेच. दानपत्रात उलट लिहावे की संस्थेला गाडी निरुपयोगी झाली तर विकावी आणि पैसे अमुक निधीत घालावेत. जमीन-इमारत विकायला न्यासाला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, गाडीला ती भानगड नाही. गाडी अगदीच गेली असेल तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी, नोंदणी रद्द करून घ्यावी आणि आलेली रक्कम द्यावी. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला परस्पर दिलेली गाडी नोंदीत तुमच्या नावावर जिवंतच राहते, आणि तिची पाटी उद्या कुठल्या गाडीवर लागेल ते सांगता येत नाही.

अधीक्षिका बाईंनी गुरुजींना तीन गोष्टी विचारल्या. डिझेल कोण घालणार, चालवणार कोण, आणि नको झाली तर विकता येईल का. तिसऱ्याला गुरुजी हो म्हणाले. पहिल्या दोनांना त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. मग बाई म्हणाल्या, "सर, आम्हाला गाडी नको. आम्हाला मार्चमधले दिवस हवेत." वसतिगृहाच्या नऊ मुली यंदा दहावीला आहेत. परीक्षा केंद्र चौदा किलोमीटरवर. सकाळची एसटी एकतर फार लवकर पोहोचवते, नाहीतर पेपर सुरू झाल्यावर. गेल्या वर्षी मुली मिळेल त्या वडापने गेल्या. एकीचा इंग्रजीचा पेपर वीस मिनिटे उशिरा सुरू झाला. बाकी वर्षभर मुली शाळेत चालत जातात, गाडीचे काम नाही. म्हणजे वर्षातून दहा-बारा दिवस गाडी लागते, पण त्या दिवशी ती लागतेच.

इथे आमचा सगळा हिशेब उलटला. दहा-बारा दिवसांसाठी संस्थेने वर्षभर गाडी पाळायची काय गरज? गाडी गुरुजींच्याच नावावर राहू द्यावी. विमा त्यांचा, पीयूसी त्यांची, शेड त्यांची. नोंदणीची पंधरा वर्षे २०२७ मध्ये भरतात. तोवर मार्चमध्ये सकाळी गुरुजींनी किंवा त्यांच्या पुतण्याने, परवाना असणाऱ्या कोणीही, मुलींना न्यायचे आणि आणायचे. पैसे घ्यायचे नाहीत, म्हणजे परवान्याचा प्रश्न नाही. डिझेलचे काही थोडके हजार होतील, तेवढे विहार समितीने दानपेटीतून गुरुजींना न देता थेट पंपावर भरावेत, असे आम्ही सुचवले. समितीचे खजिनदार यावेळी लगेच हो म्हणाले, कारण हा आकडा त्यांच्या पेटीच्या आवाक्यातला होता. नऊ मुली आणि एक चालक, तेव्हा आरसीवरची आसने मोजून घ्या, एक जास्त होत असेल तर दोन खेपा करा, हेही बजावले. ६ डिसेंबरचा हिशेब इथे लावायचा नाही. नोंदणी संपायच्या आधी गाडी विकायची आणि आलेली रक्कम धनादेशाने वसतिगृहाला द्यायची, असे गुरुजींनी पत्रावर लिहून दिले. पत्नीचीही सही घेतली. टायर मात्र आत्ताच बदलले.

गाडीवर कोणाचेही नाव लिहिलेले नाही. समितीतले दोघे अजून त्याबद्दल थोडे नाराज आहेत.

दुसऱ्या उपासकांची स्कॉर्पिओ धडधाकट आहे आणि त्यांना ती एका नोंदणीकृत धम्मप्रशिक्षण केंद्राला द्यायची आहे. तिथे भिक्खूंना वर्षभर गावोगाव जावे लागते, चालक आहे, डिझेलची तरतूद आहे. त्यांनी वर लिहिलेले कागद करावेत आणि खुशाल द्यावी. पहिल्या वर्षाच्या विम्याचा धनादेश किल्लीला जोडून दिला तर उत्तम.

तिसऱ्यांचा प्रश्न जरा नाजूक आहे. वडील कालकथित झाले, पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर गाडी विहाराला जाहीर करायची, असा त्यांचा बेत होता. पण गाडी वडिलांच्या नावावर आहे. मयत मालकाच्या नावावरून गाडी थेट विहाराच्या नावावर जात नाही. मृत्यू तीस दिवसांत आरटीओला कळवायचा, तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची आणि मग पुढे द्यायची. इतर वारसांची, म्हणजे बहिणींचीसुद्धा, संमती लागते. भावांनी परस्पर जाहीर केले आणि बहिणीला मंडपात कळले, असे व्हायला नको. तिचाही त्या गाडीत वाटा आहे. त्यांना तसे पत्राने कळवले आहे आणि त्यांनी घोषणा पुढे ढकलली आहे.

गुरुजींकडून परवा निरोप आला. अधीक्षिका बाई येऊन गाडी पाहून गेल्या. बाकी सगळे पसंत आहे. फक्त मागच्या बाकाच्या कडेचा पत्रा वर आला आहे, मुलींचे गणवेश फाटतील, तेवढा परीक्षेच्या आधी ठोकून घ्यायला सांगितला आहे.